अडलेल्या शब्दापाशी

"अडलीस तरी थांबू नकोस. बोट पुढे सरकव. अर्थ मागून येतो."

वडिलांचा हा आवाज अजून कानात आहे. तेव्हा मी सात वर्षांची होते. नित्यपाठाचं पुस्तक समोर उघडलेलं असायचं आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायचे. पुस्तकाची भाषा फार जुनी, घरात कोणी बोलत नसलेली. एकेका ओळीत तीन-तीन शब्द अडायचे. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं की ते काही न बोलता माझं बोट धरून पुढच्या शब्दावर ठेवायचे.

तेव्हापासून त्रेपन्न वर्षं उजाडलं की मी ते पुस्तक उघडते, एक अध्याय वाचते आणि तो संपेपर्यंत कोणाशी बोलत नाही. एवढाच माझा नेम. घरात सगळ्यांना तो ठाऊक आहे. दूध उतू जायला लागलं तरी मी हाक मारत नाही, टाळी वाजवते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ मला वडिलांच्या त्या वाक्यात दिसतं. माझे यजमान म्हणतात, उगाच ओढूनताणून अंगावर घेऊ नकोस. पण ते इंग्रजीच्या बाई नव्हते. मी होते, एकतीस वर्षं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ती आणि भाऊजी वरच्या. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती अकरा वर्षं मशीनवर आहे. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले सगळं ढकलगाड्यांतून तिथे येतं आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत वर जातं. गेल्या वर्षी धुलाईघराचा कारभार नव्या लोकांकडे गेला. भिंतीवरच्या सूचना एका आठवड्यात इंग्रजीत झाल्या. मग नोटीस लागली की तीन महिन्यांनी इंग्रजी वाचनाची परीक्षा होईल आणि नापास होणाऱ्याला मशीनवर ठेवलं जाणार नाही.

ती नोटीस चार घड्या घालून धाकटीने माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"ताई, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलंत. आता घरच्या म्हातारीला शिकवा."

"म्हातारी कोण?"

"मी. बेचाळीस पूर्ण. आमचं मशीनसुद्धा माझ्यापेक्षा तरुण आहे."

मी तिला ट्रंकेतल्या जुन्या वाचनमालेचं एक पान दिलं. तिने ते खडाखडा वाचलं. उच्चारात फारशी खोट नव्हती. शाळेत सातवीपर्यंत झालेलं इंग्रजी तिने टिकवून ठेवलं होतं.

"छान. आता सांग, काय झालं त्याचं?"

"कोणाचं?"

"गोष्टीतल्या माणसाचं."

"यात माणूस आहे?"

आम्ही दोघी हसलो. पण मला तिचं दुखणं कळलं होतं. अशी शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. अक्षर ओळखता येतं, तोंड चालतं, पण डोक्यात चित्र उभं राहत नाही. धाकटी घरी वाचायला बसली की शब्दकोश मांडीवर घ्यायची. पाचवा शब्द शोधून होईपर्यंत पहिला विसरलेला असायचा आणि वाक्य जागच्या जागी विरून जायचं.

त्यावर माझा ठरलेला इलाज होता. आधी फक्त शीर्षक वाचायचं आणि पान झाकायचं. आत काय असेल याचा अंदाज बोलून दाखवायचा. चित्र असेल तर ते नीट बघायचं. मग परिच्छेदाच्या टोकापर्यंत न थांबता जायचं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची हलकी रेघ ओढायची आणि त्याला सोडून द्यायचं. टोकाला पोचलं की पान पालथं घालायचं आणि काय वाचलं ते आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत सांगायचं. आणि सगळ्यात शेवटी मागे फिरायचं, रेघ ओढलेल्या शब्दांपाशी.

हे शेवटचं पाऊल मी गाळलं. हातात तीनच महिने होते, परीक्षेला अर्धा तास मिळणार होता, आणि मागे फिरण्यात फार वेळ जातो. या वर्गासाठी केलेल्या वहीत माझ्याच अक्षरात पहिल्या पानावर आहे, 'अडलेला शब्द सोडा. मागे फिरू नका.' खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

आठवड्याभरात धाकटीने तिच्यासोबतच्या दोघींना आणलं. एक फाटलेल्या चादरी शिवणारी. तिला आम्ही शिवणवाली म्हणायचो, आणि तिच्या जिभेची सुईही चालूच असायची. दुसरी इस्त्रीवाली, अर्धा दिवस मशीनवर आणि अर्धा इस्त्रीवर. बारीक अंगाची, हळू बोलणारी. दोन्ही हातांवर इस्त्रीचे जुने डाग. माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती तिघी बसल्या की यजमान पेपर घेऊन गॅलरीत जायचे आणि तिथून कान इकडे लावायचे.

धाकटीला युक्ती लगेच साधली. ती सायकल शिकलेल्या मुलीसारखी सुटली. कोल्ह्याची गोष्ट, हरवलेल्या घड्याळाची गोष्ट, दोन बहिणींच्या प्रवासाची गोष्ट, एकामागून एक. शिवणवाली निम्मं अंदाजानेच सांगायची, पण तिचा अंदाज बरोबर यायचा.

इस्त्रीवालीचं काही जमेना.

"बाई, हा शब्द काय आहे?"

"सोड त्याला."

"सोडवत नाही हो. पुढचं वाचायला लागलं की तो मागून पदर ओढतो."

"तुझ्या नवऱ्यासारखा," शिवणवाली म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि वर म्हणाले, "तू प्रत्येक शब्दाच्या दारात मुक्काम ठोकतेस. परीक्षेतलं घड्याळ तुझ्यासाठी थांबणार आहे का? पुढे चल. अर्थ मागून येतो."

तीही हसली, पण तिचे कान लाल झाले. जाताना जिन्यात तिने मला विचारलं, "बाई, आणि मागून आलाच नाही तर?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि येईल गं, म्हणाले. दुसऱ्या दिवशीचा अध्याय वाचताना तिचा प्रश्न मला आठवलाही नाही.

परीक्षेला दीपगृहावरच्या एका रखवालदाराची गोष्ट आली होती. धाकटी दुसरी आली. शिवणवाली काठावर पास झाली. इस्त्रीवालीचा अर्धा उतारा वाचायचा राहिला. तिला मशीनवरून काढून कायमचं इस्त्रीच्या कोपऱ्यात टाकलं. आणि धाकटीवर नवं काम आलं. धुलाईघरात इंग्रजीत काहीही आलं की ते वाचायचं आणि बाकीच्यांना समजावून सांगायचं.

"आता घरात दोन बाई झाल्या," यजमान म्हणाले. "मी कोणत्या वर्गात बसू?"

"तुम्ही बाहेर उभे राहा," धाकटी म्हणाली. त्या दिवशी ती जिना गुणगुणत चढली.

पाच आठवड्यांनी धुलाईघरात एक नवा कॅन आला. लोखंडी खाटांच्या गंजाचे डाग चादरींवर पडतात, ते काढायचं द्रावण. मुकादमाने तो सगळ्यांच्या मधोमध ठेवला, वाचून घ्या म्हणाला आणि चहाला गेला. धाकटीने वाचलं, जसं शिकवलं होतं तसंच. आधी वरचं नाव वाचलं. मग चित्र बघितलं. मग टोकापर्यंत न थांबता गेली. कॅनकडे पाठ केली आणि भोवतीच्या सहा बायकांना आपल्या भाषेत सांगितलं, "गंजाचे डाग जातात. एका बादलीला एक झाकण. हातमोजे घालायचे. आणि हे कशाततरी मिसळायचं नाही."

इस्त्रीवाली चादरी न्यायला तिथे आली होती. तिने विचारलं, "कशात?"

"सोड गं. तो एक शब्द आहे मोठा. पुढे सगळं सरळ आहे."

तो मोठा शब्द म्हणजे रोज मशीनमध्ये पडणारी पांढरी पावडर. धुलाईघरात तिला कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नव्हतं, आणि कॅनवर तिचं छापील नाव होतं. त्या वेळी पावडर मशीनमध्ये पडलेलीच होती, आणि तिच्यावरच हे द्रावण ओतलं गेलं.

घसा जाळणारा वास उठला. बाकीच्या दाराकडे धावल्या. इस्त्रीवाली चादरी घेऊन आपल्या कोपऱ्यात परतली होती, आणि तो कोपरा दारापासून सगळ्यात लांब, दोन गरम यंत्रांच्या मागे. इस्त्रीवालीला तिथून ओढून काढायला वेळ लागला. तिला त्याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर नेलं. ज्या चादरीवर ठेवलं ती बहुधा तिनेच इस्त्री केलेली असणार.

मला दुपारी कळलं. धाकटी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. बूट ओले, एका हातात अजून रबरी मोजा.

"ताई," ती म्हणाली, "मी थांबले नाही."

एवढंच. पुढे दोन दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही. भाऊजी खाली येऊन बसायचे, रिकामा कप हातात फिरवत राहायचे आणि उठून जायचे.

तिसऱ्या दिवशी कागद आला. सोमवारी सकाळी साडेसात वाजता चौकशी. मुकादमाने लिहिलं होतं की वाचनात उत्तीर्ण झालेल्या कामगार बाईने सूचना पाळली नाही. नापास झाली असती तर तिला कोणी विचारलं नसतं. पास झाली म्हणून दोष तिचा. तो तिच्या नावावर चढला तर नोकरी जाईल आणि दुसरं कुठलंही इस्पितळ तिला दारात उभं करणार नाही.

"काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"घाईत वाचलं. चूक माझी."

"आणि वर्ग?"

"कुठला वर्ग?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वर्गाचं नाव काढायचं नाही, ताई. तुम्हाला लोक मानतात. रस्त्यात थांबून नमस्कार करतात. दोघी जावांनी एकाच खड्ड्यात कशाला पडायचं?"

"ती बरोबर बोलते आहे," यजमान म्हणाले. "तू कॅन बघितलाससुद्धा नाहीस. तुझा काय संबंध?"

खरं सांगायचं तर ऐकून बरं वाटलं. ते बरं वाटणं रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिलं.

रविवारी मी चौथ्या मजल्यावर गेले. इस्त्रीवालीच्या नाकाला नळी होती. शेजारच्या नर्सने सांगितलं की जीव वाचला आहे, पण छाती पूर्ववत व्हायला महिने लागतील, आवाजाचं आत्ता सांगता येत नाही, जास्त बोलू देऊ नका. मी स्टूल ओढून बसले. तिने मला ओळखलं आणि पदर सारखा करायला गेली. इस्पितळाच्या झग्याला पदर नव्हता, तशी कसनुशी हसली.

"बाई," ती म्हणाली. आवाज कागद कागदावर घासल्यासारखा. "तो शब्द काय होता?"

मी सांगितला.

"म्हणजे काय?"

"आपली पांढरी पावडर."

तिने डोळे मिटले.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. धाकटीचं उद्या काय आहे ते तिला माहीत होतं. शिवणवाली येऊन सगळं सांगून गेली होती.

"मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, सोड." थोडं थांबून तिने श्वास गोळा केला. "पण ते बोलणं तिचं नव्हतं बाई. आवाज तिचा. बोलणं आपल्या टेबलावरचं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला खाली बघायला जागा मिळाली असती.

"मला उद्या जाता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल?"

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझा हात सोडला, मला लगेच निघायचं असल्यासारखा.

जिने उतरताना मला वेळ आठवली. साडेसात. या दिवसांत सात वाजता उजाडतं. अध्यायाला पाऊण तास लागतो. धुलाईघर वीस मिनिटांच्या चालीवर. उजाडायच्या आत पुस्तक उघडायचं नाही हाही वडिलांचाच शब्द. मुलाच्या जन्माच्या दिवशी मी प्रसूतिगृहात अध्याय वाचला आहे. वडील गेले त्या सकाळी आधी वाचला आणि मग रडले.

घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं.

"कागदावर लिहून दे. धाकटी नेईल."

"ती रस्त्यातच फाडून टाकेल."

"मग नंतर वाच. देव काय घड्याळ घेऊन बसलाय?"

"देवाचं नाही हो. माझं आहे."

ट्रंक उघडून वर्गाची वही मात्र त्यांनीच काढली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि माझ्या पिशवीजवळ ठेवली. हा माणूस असा आहे. नको म्हणतो आणि पिशवी भरतो.

सोमवारी मी उजाडायच्या आधीच अंघोळ करून बसले होते. खिडकीच्या चौकटीवर उजेड आला तसं पुस्तक उघडलं. मनात हिशोब असा की भरभर वाचावं, जमेल तेवढं उरकावं, मग काय ते बघू. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला. नेहमी सोडून दिलेला. या अध्यायात तो माझ्या बोटाखालून कितीतरी वेळा गेला असेल. कागद त्या जागी थोडा गुळगुळीतही झाला आहे.

आज बोट पुढे सरकेना.

मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. अंदाजही नव्हता. मी आधीची ओळ बघितली, नंतरची बघितली, जसं मुलांना सांगते तसं. काही हाती लागलं नाही. मग त्याच पानावर नजर फिरवली आणि तसे आणखी दिसायला लागले. भरल्या घरात अनोळखी माणसं बसलेली असावीत आणि आपण इतकी वर्षं त्यांच्यामधून ताट घेऊन फिरत असावं, तसे. वडिलांना तरी ते माहीत होते का? मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला मान वर केली की बोट पुढे जायचं.

वरच्या मजल्यावर धाकटीच्या चपला वाजल्या. कडी काढल्याचा आवाज आला. ती एकटीच निघाली होती. भाऊजींना तिने कामावर पाठवून दिलं होतं, मला माहीत होतं. पायऱ्या उतरत ती आमच्या दारापाशी आली, क्षणभर थांबली आणि माझ्या वाचनात मोडता नको म्हणून टाचा उचलून पुढे गेली.

मी पिशवीतून पेन्सिल काढली. या पुस्तकात मी आजवर टिंबसुद्धा काढलेलं नाही. त्या शब्दाखाली हलकी रेघ ओढली, दिसेल न दिसेल अशी. पुस्तकाची खुणेची दोरी तिथेच घातली आणि पुस्तक मिटलं.

यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरची शाल काढून माझ्या हातात दिली. मीही बोलले नाही. वही पिशवीत घातली. पहिल्या पानावरच्या दोन रेघा मारलेल्या ओळी चौकशीतल्या लोकांना दाखवायच्या होत्या, आणि सांगायचं होतं की ही शिकवण माझी, परीक्षेतला उतारा तुमचा, आणि कॅन कुठल्याच वर्गात कोणी दाखवला नव्हता. यातलं त्यांना किती पटेल, मला माहीत नव्हतं. धाकटीची नोकरी राहील असंही वाटत नव्हतं.

बाहेर गारवा होता. धाकटी कोपऱ्यावरच्या बंद दुकानापर्यंत पोचली होती. खांदे आवळून, कडेकडेने, कोणाच्या नजरेला पडायचं नसल्यासारखी चालत होती. मी पावलं उचलली, तरी अंतर कमी होईना. गुडघे साथ देईनात. टाळी वाजवावी असं एकदा मनात आलं.

"थांब," मी म्हणाले.

अध्याय संपण्याआधीच्या त्या वेळेला माझा आवाज मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. तो बारीक निघाला, पण रस्ता रिकामा होता. ती वळली. चौकशीचा कागद आल्यावरही तिचा चेहरा इतका घाबरला नव्हता.

"ताई, तुमचा अध्याय?"

"राहिलाय. परत आल्यावर तिथूनच वाचेन."

तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या वहीच्या निळ्या पुठ्ठ्यावर गेली. ते तिने ओळखलं. मला वाटलं, आता ती मला परत पाठवेल. तिने मान खाली घातली आणि माझ्या गुडघ्यांना झेपेल इतक्या बेताने चालायला लागली. मी शाल सारखी केली आणि तिच्या बरोबरीने निघाले.